दहावी मराठी माध्यम, अकरावी सायन्स इंग्रजीत : सुट्टीत मुलांचा शब्दसंग्रह कसा वाढवायचा?

माळरान

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शाळा पूर्ण मराठी माध्यमाची, सेमी नाही. दरवर्षी आमची दहा-बारा मुलं तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला जातात. विज्ञान त्यांना चांगलं येतं, पण फिजिक्सचं पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर गाडी अडते. दिवाळीपर्यंत त्यातली काही जण शाखा बदलून घेतात. याचं फार वाईट वाटतं, कारण विषय त्यांच्या आवाक्यातला असतो, अडतं ते फक्त भाषेवर.

यंदा दहावीची परीक्षा संपल्यावर आठ आठवडे, रोज दीड तास, फक्त इंग्रजी शब्दांसाठी वर्ग घ्यायचं ठरवलंय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नेमके कोणते शब्द घ्यावेत? रोज किती घ्यावेत? आणि पाठ केलेले शब्द पंधरा दिवसांत उडून जातात, त्यावर काय करावं?

बाजारात मिळणारी 'रोज वीस शब्द' छापाची पुस्तकं चाळली. त्यातले शब्द सायन्सच्या पुस्तकात फारसे भेटतच नाहीत. मोबाइल घरोघरी आहे, पण मुलांच्या हातात तो संध्याकाळी, आईवडील शेतावरून आल्यावर येतो. त्यामुळे कागदावर चालेल असं काही सांगा.

वर्तुळपाद

मॅडम, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं सविस्तर लिहितो.

मुलं ज्या शब्दांना घाबरतात, ते खरे अडवणारे शब्द नसतातच. ॲक्सलरेशन, रिफ्रॅक्शन, मोमेंटम हे शब्द पुस्तकात ठळक छापलेले असतात, त्यांची व्याख्या दिलेली असते, शिक्षक ते तासाला दहादा उच्चारतात. शिवाय मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्वरण, अपवर्तन, संवेग यांच्या शेजारी इंग्रजी संज्ञा छापलेलीच असते. अडवतात ते मधले शब्द. त्यांची व्याख्या कुठेच नसते आणि ते मुलांना येत असतील असं सगळ्यांनीच धरून चाललेलं असतं.

हे एक साधं वाक्य घ्या : 'द व्हेलॉसिटी ऑफ द बॉडी रिमेन्स कॉन्स्टंट, प्रोव्हायडेड द नेट फोर्स ॲक्टिंग ऑन इट इज झीरो.' व्हेलॉसिटी आणि फोर्स मुलाला माहीत आहेत. अडतं चार ठिकाणी. 'रिमेन्स' म्हणजे तसाच राहतो. 'नेट' म्हणजे इथे जाळी नव्हे, सगळी बलं वजा-अधिक करून उरलेलं, निव्वळ. 'ॲक्टिंग ऑन इट' म्हणजे त्यावर क्रिया करणारं, अभिनयाशी त्याचा संबंध नाही. सगळ्यात घातक 'प्रोव्हायडेड'. छोट्या शब्दकोशात पहिला अर्थ सापडतो 'पुरवलेले'. मुलगा तोच अर्थ वाक्यात बसवतो आणि 'शून्य बल पुरवलेले' असं काहीतरी वाचून पुढे जातो. खरा अर्थ 'अट एवढीच, की'. त्या एका शब्दावर नियमाची अट लटकलेली आहे. ती निसटली, की गणितात कुठला नियम कुठे लावायचा हेच कळत नाही. मग आपण म्हणतो, याची संकल्पनाच कच्ची आहे.

म्हणून सुरुवात जोडशब्दांपासून करा : हेन्स, व्हेअरॅज, अनलेस, प्रोव्हायडेड, रिस्पेक्टिव्हली, विथ रिस्पेक्ट टू, इन टर्म्स ऑफ, सच दॅट, ड्यू टू. असे तीसेक पक्के झाले तर पानाचा सांगाडा दिसायला लागतो. 'रिस्पेक्टिव्हली'चा अर्थ 'अनुक्रमे' हे एकदा कळलं की बहुपर्यायी प्रश्नांत क्रमाची गफलत करून मार्क घालवणं थांबतं.

मग अशी क्रियापदं आणि विशेषणं, जी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्हीकडे फिरत राहतात : अझ्यूम, डिराइव्ह, ऑब्टेन, व्हेरी, अंडरगो, कन्व्हर्ट, इम्प्लाय, एलिमिनेट, युनिफॉर्म, आर्बिट्ररी, निग्लिजिबल. यांच्यासाठी तयार यादी आहे. ॲव्हरिल कॉक्सहेड या न्यूझीलंडच्या अभ्यासक बाईंनी 2000 साली शैक्षणिक शब्दांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात 570 शब्दकुटुंबं आहेत आणि महाविद्यालयीन पुस्तकांतल्या मजकुराचा सुमारे 10 टक्के भाग तेवढ्यांनी व्यापला जातो. जास्त वापराचे शब्द आधी, अशा क्रमाने तिचे दहा भाग केलेले आहेत. पहिल्या नऊ भागांत प्रत्येकी 60 शब्द, शेवटच्यात 30. ती इंटरनेटवर मोफत मिळते. आठ आठवड्यांत पहिले चार-पाच भाग झाले तरी पुष्कळ. मात्र त्यात अर्थशास्त्र आणि कायद्याकडे झुकणारे शब्दही आहेत. 'लेजिस्लेट'सारखे शब्द बिनदिक्कत गाळा.

तिसरा गठ्ठा प्रश्नपत्रिकेतल्या शब्दांचा. तो छोटा आहे, पण मार्क थेट त्याच्यावर आहेत. 'स्टेट' म्हटलं की फक्त विधान लिहायचं, सिद्धता नाही. मुलं पान भरून सिद्धता लिहितात आणि वेळ घालवतात. 'शो दॅट' म्हणजे उत्तर प्रश्नातच दिलंय, तिथपर्यंत पायऱ्यांनी पोहोचायचंय. 'ऑब्टेन ॲन एक्स्प्रेशन फॉर' म्हणजे उत्तर आकड्यात नको, सूत्रात हवं. प्रश्नाच्या मध्येच 'हेन्स' आला, तर पहिल्या भागात जे आलं तेच वापरून दुसरा भाग सोडवायचा. वेगळी पद्धत वापरली तर मार्क कापले जाऊ शकतात. 'डिस्टिंग्विश बिट्वीन' आला की दोन रकाने आखायचे.

आणि चौथा गठ्ठा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : मराठी बोलताना मुलं रोज वापरतात ते इंग्रजी शब्द. ते 'येतात' असं वाटतं, म्हणून कोणी शिकवत नाही. टेन्शन म्हणजे घरात चिंता, फिजिक्समध्ये दोरीतला ताण. रेंज मोबाइलला नसते, पण इथे प्रक्षेपित वस्तूचा पल्ला असतो. करंट बसतो तो झटका, पुस्तकातला करंट म्हणजे विद्युतधारा. चार्ज म्हणजे प्रभार. नॉर्मल म्हणजे तब्येत ठीक असणं नव्हे, पृष्ठभागावरची स्तंभिका. सोल्यूशन कधी द्रावण, कधी गणिताची उकल. सेल कधी विद्युतघट, कधी पेशी. बेस केमिस्ट्रीत आम्लारी, त्रिकोणात पाया. अशा शब्दांची वही वेगळी करा आणि तिला तीन रकाने ठेवा : शब्द, घरातला अर्थ, पुस्तकातला अर्थ. मुलं ही वही आवडीने भरतात, कारण शब्द आपलाच वाटतो.

निशिगंध

वर्तुळपाद यांचे चारही गठ्ठे बरोबर आहेत. पण एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. पहिल्या दिवशी मुलांच्या हातात यादी देऊ नका. यादी तुमच्याजवळ ठेवा, शब्द मात्र मुलांना पानावरच भेटू द्या. नुसत्या यादीतून पाठ केलेला 'अंडरगो' वाक्यात आला की ओळखू येत नाही, कारण तो कुणाच्या शेजारी बसतो हे मुलांनी पाहिलेलंच नसतं.

पान कुठलं घ्यायचं, तर बालभारतीचं नववी-दहावीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान, इंग्रजी माध्यमाचं. मराठी आणि इंग्रजी आवृत्त्या जुळ्या आहेत : तेच धडे, तोच क्रम, त्याच आकृत्या. दोन्हींच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. तुमच्या मुलांनी 'उष्णता' हा धडा मराठीत नुकताच घासूनपुसून केलाय. तोच धडा इंग्रजीत वाचताना आशय ओळखीचा आणि नवी असते ती फक्त भाषा. अकरावीच्या पुस्तकात दोन्ही एकदम नवीन असतात, मुलं बुडतात ती तिथेच.

एका तासाची आखणी साधारण अशी ठेवा. फळ्यावर धड्याचं नाव आणि त्यातल्या सात-आठ पारिभाषिक जोड्या : अप्रकट उष्मा आणि लेटंट हीट, दवबिंदू आणि ड्यू पॉइंट, विशिष्ट उष्माधारकता आणि स्पेसिफिक हीट कपॅसिटी. मग मराठीतला एक परिच्छेद एकाने मोठ्याने वाचायचा. लगेच त्याचा इंग्रजी जुळा परिच्छेद सगळ्यांनी मनात वाचायचा आणि अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची. शब्दकोश बंद. मराठी परिच्छेद समोर ठेवून अर्थ ताडायचा, शेजाऱ्याशी बोलायचं, मग तुम्ही सांगायचं. एका परिच्छेदातून जास्तीत जास्त तीन शब्द कार्डावर जातील, बाकीचे कळले की पुढे. तासाला दीड ते दोन पानं होतात. कमी वाटेल, पण तेवढंच करा. पान संपवायच्या घाईत मुलं पुन्हा नुसता मराठी मजकूर वाचायला लागतात.

सुरुवात नववीच्या 'गतीचे नियम' आणि 'कार्य आणि ऊर्जा' यांनी करा. मग दहावीचे गुरुत्वाकर्षण, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे. 'सामाजिक आरोग्य'सारखे वर्णनपर धडे शेवटी ठेवा किंवा सोडून द्या. ते वाचायला सोपे वाटतात, पण त्यातले शब्द अकरावी सायन्सला फार कामी येत नाहीत.

पान झेपतंय की नाही हे ठरवायला एक माप आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून असं दिसलं, की मदतीशिवाय वाचून नीट कळायला मजकुरातले 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. अडीचशे शब्दांच्या पानावर पाचपेक्षा जास्त रेघा आल्या तर ते पान एकट्याने वाचायचं नाही, जुळ्या पानाच्या आधाराने वाचायचं. रेघा वीसच्या पुढे गेल्या तर तो धडा आठवडाभर पुढे ढकला.

जाता जाता एक सांगते. शब्द मोजूनमापून निवडायचे आणि पुस्तक त्याच शब्दांत लिहायचं, या कल्पनेला आकार देणाऱ्यांत मायकेल वेस्ट यांचं नाव मोठं आहे. ते ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून त्यांनी हे काम हाती घेतलं होतं. 1953 साली आलेली त्यांची सुमारे 2000 शब्दांची यादी आजही पायाभूत मानतात. कॉक्सहेड बाईंची यादी तिच्या पुढे सुरू होते, म्हणजे ते 2000 शब्द येतात असं धरून चालते. तुमच्या मुलांत कुणाचा तो पायाच कच्चा असेल, तर त्याला पहिले दोन आठवडे वेगळं बसवा. नाहीतर 'अझ्यूम'चा अर्थ सांगताना वापरलेला 'सपोज'ही त्याला अडेल.

माळरान

दोघांचेही मनापासून आभार. जुळ्या पुस्तकांचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच पीडीएफ उतरवते.

दोन शंका. आमच्या इंग्रजीच्या सरांचं म्हणणं, शब्दाचा मराठी अर्थ लिहूच द्यायचा नाही, इंग्रजीतूनच समजावायचं. ते बरोबर आहे का? आणि उच्चार देवनागरीत लिहू द्यावा का?

कोरा कागद

मराठी अर्थ जरूर लिहू द्या. सुरुवातीच्या टप्प्यात मातृभाषेतला नेमका अर्थ सगळ्यात पटकन आणि कमी गोंधळात पोहोचतो. इंग्रजीतून इंग्रजी समजावायचं, तर समजावण्यातले शब्द आधी यायला हवेत. लाँगमनचा 1978 चा विद्यार्थी शब्दकोश गाजला तो याचसाठी, की त्यातल्या सगळ्या व्याख्या सुमारे 2000 ठरावीक शब्दांत बसवल्या होत्या. तेवढे शब्द पक्के झाले की मुलांना तसल्या कोशाकडे न्या, तोवर मराठी. फक्त एक नियम पाळा : अर्थ त्या वाक्यापुरता, एकच. कोशातले पाच अर्थ उतरवून घेतले तर एकही लक्षात राहत नाही. पारिभाषिक शब्दांना बालभारतीचाच मराठी शब्द वापरा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर मोफत आहेत, ते तुम्हाला अडेल तेव्हा फार उपयोगी. पण कोशात कधी पुस्तकापेक्षा वेगळा प्रतिशब्द असतो आणि मुलाला वाटतं ही दुसरीच गोष्ट आहे.

उच्चार देवनागरीत लिहायलाही हरकत नाही. ॲ आणि ऑ आपल्याकडे आहेत, त्यामुळे बरंच जमतं. देवनागरीत दिसत नाही तो आघात. म्हणून ज्या अक्षरावर जोर आहे त्याखाली रेघ मारायला लावा. 'ॲनलाइझ'मध्ये जोर पहिल्या 'ॲ'वर, 'अनॅलिसिस'मध्ये 'नॅ'वर, 'ॲनलिटिकल'मध्ये 'लि'वर. रेघ नसेल तर मुलं सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतात आणि कॉलेजात व्हिडिओतला तोच शब्द कानाला परका वाटतो. संध्याकाळी मोबाइल हातात आला की त्या दिवसाचे आठ शब्द ऑनलाइन कोशात एकेकदा ऐकायचे. पाच मिनिटांचं काम.

आता शब्द उडून जाण्याबद्दल. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग त्याचा वेग मंदावतो. म्हणून एका दिवशी वीसदा घोकण्यापेक्षा वाढत्या अंतराने पाच वेळा आठवणं कितीतरी जास्त टिकतं. कागदावर हे करायची सोपी पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 साली मांडली, पेटीची.

बुटाचं खोकं घ्या, पुठ्ठ्याचे आडवे तुकडे घालून पाच कप्पे करा. ए-फोर कार्डशीट तीनदा घडी घालून कापलं की आठ कार्डं मिळतात. बारा मुलांना इतकं कार्डशीट महाग पडेल, तर जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू उत्तम चालते, कागद जाड असतो. साधा वहीचा कागद नको, मागचं लिहिलेलं पुढून दिसतं.

कार्डाच्या पुढे नुसता शब्द लिहायचा नाही. पानावरचं वाक्य लिहायचं, लांब असेल तर तोडून सात-आठ शब्दांचं करायचं आणि शिकायच्या शब्दाखाली रेघ. मागे मराठी अर्थ, देवनागरी उच्चार, जोराची रेघ. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरा दिवसांनी. उत्तर बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर कुठूनही थेट पहिल्यात.

रोज आठ नवे शब्द ठेवा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर आठ आठवड्यांत 384 होतात, एवढे पुरेत. प्रत्येक कार्ड किमान पाचदा पाहिलं जातं, म्हणजे पेटी भरात आली की रोज चाळीसेक कार्डं आणि चुकलेली धरून पन्नासच्या आसपास. एका कार्डाला दहा सेकंद धरा, आठ-नऊ मिनिटांत संपतं. रोज वीस नवे घेतले तर हाच आकडा सव्वाशेवर जातो आणि तिसऱ्या आठवड्यात पेटी कोपऱ्यात पडते.

कुठे बिघडतं तेही सांगतो. पहिली गोष्ट, मुलं कार्ड लगेच उलटून पाहतात आणि 'हो, हे येत होतं' म्हणतात. पाहून ओळखीचं वाटणं वेगळं आणि न पाहता आठवणं वेगळं. म्हणून उलटण्याआधी अर्थ तोंडाने म्हणायचाच, दोघादोघांच्या जोडीत बसवलं तर हे आपोआप होतं. दुसरी, लग्नसराईत चार दिवस खाडा झाला की साठलेली कार्डं बघून मूल घाबरतं. अशा वेळी नवे शब्द पूर्ण बंद, साठा संपेपर्यंत फक्त जुने. तिसरी चूक बहुतेक शिक्षक चांगल्या हेतूने करतात : जोडीचे शब्द एकाच दिवशी देतात. कॉन्केव्ह आणि कॉन्व्हेक्स, कंडक्शन आणि कन्व्हेक्शन, ॲब्सॉर्ब आणि ॲडसॉर्ब. सारखे दिसणारे आणि जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र दिले की ते एकमेकांत कायमचे मिसळतात. कॉन्व्हेक्स म्हणजे बहिर्वक्र हे आधी द्या, ते कार्ड तिसऱ्या कप्प्यात गेलं की मगच कॉन्केव्ह. धड्यात दोन्ही एकत्र येणारच, तेव्हा समजावून सांगा, पण कार्ड एकाचंच करा.

चौथ्या आठवड्यापासून शेवटच्या कप्प्यातली कार्डं उलटी विचारा : मराठी दाखवायचं, इंग्रजी शब्द लिहून घ्यायचा, स्पेलिंगसकट. हे जड जातं, म्हणून आधी नको. स्पेलिंगसाठी शब्द उच्चाराच्या तुकड्यांत तोडून लिहायचा, झाकायचा, पुन्हा लिहायचा. एकेक अक्षर गात पाठ करायला लावू नका.

पुढे मोबाइल मिळाला तर अँकी नावाचं ॲप हेच काम करतं, अँड्रॉइडवर मोफत आहे. त्यात नव्या कार्डांची रोजची मर्यादा मुळात वीस असते, ती सेटिंगमध्ये जाऊन आठ करा. आयती डाउनलोड केलेली कार्डं नकोत. स्वतः लिहिताना निम्मा शब्द तिथेच बसतो.

पानगळ

बायोलॉजी आणि केमिस्ट्रीसाठी थोडी भर. फिजिक्सच्या मानाने इथे पारिभाषिक शब्द कितीतरी जास्त, म्हणून प्रत्येकाचं कार्ड करत बसलात तर पेटी फुटेल. त्यातले बरेच शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे बनलेले आहेत आणि मराठी परिभाषा तशीच तुकड्यांनी बनवलेली आहे, याचा फायदा घ्या.

'आयसो' म्हणजे सम : आयसोटोप समस्थानिक, आयसोथर्मल समतापी. 'लिसिस' म्हणजे अपघटन : इलेक्ट्रोलिसिस विद्युत अपघटन, हायड्रोलिसिस जलअपघटन. 'थर्म' म्हणजे उष्णता : एक्सोथर्मिक उष्मादायी, एंडोथर्मिक उष्माग्राही. 'मोनो' आणि 'डाय' : मोनोकॉट एकबीजपत्री, डायकॉट द्विबीजपत्री. असे तीस-पस्तीस तुकडे, प्रत्येकाला दहावीपर्यंत ओळखीची झालेली दोन उदाहरणं, एवढा एक तक्ता भिंतीवर लावा. आठवड्याला चार तुकडे पुरतात. नवा शब्द आला की मुलांनी आधी तो तोडून दाखवायचा, मग अर्थाकडे जायचं.

तुकडे फसवतात तिथे मात्र सावध करा. 'इन' लागला की नकार, असं मुलं ठरवून टाकतात. इनव्हर्टिब्रेट म्हणजे अपृष्ठवंशीय, हे बरोबर. पण प्रयोगशाळेतल्या बाटलीवर 'इनफ्लेमेबल' लिहिलेलं असेल तर ते द्रव्य पटकन पेट घेतं. हा एक शब्द कॉलेजच्या पहिल्या प्रॅक्टिकलच्या आत प्रत्येकाला यायलाच हवा, इथे चूक परवडत नाही.

अनेकवचनंही याच तक्त्यात घ्या : बॅक्टेरियम-बॅक्टेरिया, फंगस-फंजाय, न्यूक्लिअस-न्यूक्लिआय, ॲक्सिस-ॲक्सीज. पुस्तकात बहुतेकदा अनेकवचनच भेटतं आणि मुलांना तो वेगळाच शब्द वाटतो.

तिफण

वाचणं झालं, लिहिण्याचं कोणी बोललं नाही. अकरावीच्या पहिल्या चाचणीत उत्तरं इंग्रजीत लिहायची आहेत आणि तिथे मुलं नामांवर नाही, क्रियापदांवर अडतात. आपण मराठीत पुष्कळ कामं 'करणे', 'होणे', 'काढणे' यांवर भागवतो, इंग्रजीत प्रत्येक नामाचं क्रियापद ठरलेलं असतं. आलेख काढतो तेव्हा 'प्लॉट', आकृती काढतो तेव्हा 'ड्रॉ', किंमत काढतो तेव्हा 'कॅल्क्युलेट', निष्कर्ष काढतो तेव्हा पुन्हा 'ड्रॉ'. प्रयोग करायचा तर 'परफॉर्म'. अभिक्रिया होते तर 'टेक्स प्लेस', आणि पदार्थाकडून सांगायचं तर तो पदार्थ रिॲक्शन 'अंडरगो' करतो. बल आपण लावतो तेव्हा 'अप्लाय', एका वस्तूने दुसरीवर लावलं तर 'एग्झर्ट'.

म्हणून शब्दांची वही अकारविल्हे नको, नामवार ठेवा. फोर्स, हीट, करंट, प्रेशर, रिॲक्शन, सोल्यूशन, ग्राफ, रे अशा पंचवीस नामांना एकेक पान. वाचताना त्या नामाशेजारी जे क्रियापद आणि विशेषण दिसेल ते त्याच पानावर टिपायचं. महिन्याभरात फोर्सच्या पानावर एग्झर्ट, अप्लाय, ॲक्ट ऑन, नेट, एक्स्टर्नल, अनबॅलन्स्ड असं सगळं आपोआप जमतं. उत्तर लिहिताना मूल ते पान आठवतं.

शब्दामागे येणारं 'टू', 'विथ', 'ऑफ' शब्दाचाच भाग समजून कार्डावर लिहा. प्रपोर्शनल टू, पर्पेंडिक्युलर टू, इक्वल टू, रिॲक्ट्स विथ, कन्सिस्ट्स ऑफ, डिव्हायडेड बाय. मराठीतल्या '-शी', '-ला', '-ने' यांवरून ते ओळखायला गेलं की हमखास चुकतं. 'पाण्याशी' अभिक्रिया असेल तर 'विथ', आणि 'रेषेशी' समांतर असेल तर 'टू'.

सरावासाठी शनिवारी एकच काम : वाचलेल्या परिच्छेदातली पाच वाक्यं मराठीत सांगायची, मुलांनी पुस्तक बंद ठेवून ती इंग्रजीत लिहायची, मग पुस्तक उघडून स्वतःच ताडून पाहायची. तुम्ही तपासायची गरज नाही. आपलं 'डू द एक्स्परिमेंट' आणि पुस्तकातलं 'परफॉर्म' शेजारीशेजारी पाहिलं की फरक त्यांना स्वतःलाच दिसतो.

माळरान

खूप उपयोगी पडलं सगळं. शेवटचं एक : प्रगती होते की नाही हे कसं मोजू? शब्दांची परीक्षा घेतली तर सगळे पैकीच्या पैकी घेतात आणि पुस्तक उघडलं की पुन्हा तेच.

निशिगंध

शिकवलेल्या शब्दांवर परीक्षा घेऊच नका, न वाचलेल्या पानावर घ्या. अकरावीच्या फिजिक्सचा पहिला धडा, युनिट्स अँड मेझरमेंट्स, त्यातला सलग शंभर शब्दांचा तुकडा पहिल्याच दिवशी द्या. अडलेल्या शब्दांखाली रेघा, आणि खाली तो तुकडा चार ओळींत मराठीत. रेघा मोजून आकडा लिहून ठेवा, तुकडा परत घ्या. चौथ्या आठवड्याच्या शेवटी त्याच धड्यातला दुसरा तुकडा, आठव्याच्या शेवटी तिसरा. मुलं रेघा लपवतात, म्हणून मराठीतल्या चार ओळी जास्त काळजीने वाचा. अट, कारण आणि तुलना या तिन्ही गोष्टी त्यात आल्या आहेत का ते बघा. आशय बरोबर आणि रेघा दोनपेक्षा जास्त नाहीत, तर ते मूल अकरावीला आधाराशिवाय वाचू लागेल. रेघा कमी पण अट निसटलेली, तर जोडशब्दांची कार्डं पुन्हा पहिल्या कप्प्यात. चौथ्या आठवड्यातही रेघा पंधराच्या पुढे असतील, तर त्या मुलाला आठऐवजी पाच नवे शब्द आणि जुळ्या पानाचा आधार आणखी दोन आठवडे.

आणि 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देऊ इच्छिणाऱ्या मुलांना एक गोष्ट आजच सांगून ठेवा. तो पेपर मराठीतूनही देता येतो, प्रश्नपत्रिका मराठी-इंग्रजी अशी दुभाषी असते. पण भाषांतराबाबत वाद झाला तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. मराठी निवडली तरी प्रत्येक प्रश्नाची इंग्रजी ओळ डोळ्याखालून घालायची सवय याच सुट्टीत, जुळ्या पानांवर लावता येईल.